षष्ठीचा प्रत्यय

लग्नघरी नवरीला "नाव घे, नाव घे" म्हणून चारी बाजूंनी आग्रह सुरू झाला की मला नेहमी मौज वाटते. नाव घ्यायचे असते ते अर्थात नवऱ्याचे. मग ती बिचारी देवदेवता, नद्या, फुले, द्राक्षांचे घड अशी सारी सृष्टी यमकासाठी वेठीस धरते, लाजते, अडखळते आणि एकदाचे नाव घेऊन मोकळी होते. सगळे खूश होतात. त्याच गर्दीत मागच्या रांगेतली एखादी बाई शेजारणीला हळूच विचारते, "पण नवरीचं नाव काय हो?" आणि शेजारीण सांगते, "अहो, आपल्या पाटलांची धाकटी सून!" प्रश्न नावाचा होता, उत्तर नात्याचे आले, परंतु विचारणारीचे समाधान झालेले असते.

मी मराठीची प्राध्यापिका, त्यामुळे अशा वेळी माझ्या डोक्यात व्याकरण शिरते. चा, ची, चे हे षष्ठीचे प्रत्यय आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहेत. षष्ठीचा अर्थ संबंध. जुन्या वैयाकरणांनी कर्ता, कर्म, करण अशी कारके सांगितली, पण षष्ठीला त्यांत जागा दिली नाही. कारण उघड आहे: बाकीच्यांचे नाते क्रियेशी असते, षष्ठीचे नाते दुसऱ्या नामाशी असते. बाईची ओळख आपण ज्या शब्दाने करून देतो तो शब्द पाहा. अमक्याची लेक, तमक्याची बायको, ह्यांची सून, त्यांची वहिनी. सगळा षष्ठीचा कारभार! ती कुणाची आहे हे कळते. ती काय करते हे त्या शब्दातून कधीच कळत नाही.

घरात हे चालून जाते. लोकशाहीत मात्र अडते, कारण मत ही क्रिया आहे आणि तिला कर्ता लागतो.

हे असे अडल्याचा फार मोठा दाखला आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, घडला. याद्या करणारे कारकून दारोदार गेले तेव्हा लाखो बायकांनी परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगायचे नाकारले. "अमक्याची बायको लिहा, तमक्याची आई लिहा," एवढ्यावर त्या थांबल्या आणि कारकुनांनीही तसेच लिहून टाकले. सुकुमार सेन हे तेव्हाचे, म्हणजे देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. गृहस्थ गणिताचे जाणकार आणि शिस्तीचे मोठे करडे. त्यांनी ठरवले की ज्या मतदाराला नाव नाही तो मतदार नव्हे. नावे मिळवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, काही ठिकाणी मुदत वाढवून दिली, तरीही अखेरीस सुमारे २८ लाख बायकांच्या नोंदी यादीतून गाळाव्या लागल्या. कायद्याने त्यांना मत दिले होते, पुरुषांच्या बरोबरीने आणि त्याच दिवशी. एका षष्ठीच्या प्रत्ययाने ते काढून घेतले.

या बायका बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश अशा भागांतल्या. मराठी माणसाला यावर थोडी कॉलर ताठ करावीशी वाटेल. मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीने का होईना, पण बायकांना मताचा हक्क १९२१ मध्येच मिळाला होता. आमच्या आज्यांनी कारकुनाला नावे सांगितली असणार यात शंका नाही. परंतु प्रश्न तेवढ्याने मिटला असे मात्र मला वाटत नाही. तो मला पुन्हा भेटला, आणि भेटला तोही माझ्याच वर्गात.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होणार होती. सप्टेंबरात एके दिवशी तास संपता संपता मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सहज विचारले, "मतदारयादीत नाव कोणाकोणाचं आहे? हात वर करा." सारा वर्ग अठरा ओलांडून गेलेला, बरेचसे विसाव्या-एकविसाव्या वर्षांत. अर्धेही हात वर गेले नाहीत. मुलांचे हात त्यातल्या त्यात बरे. मुलींचे अगदी तुरळक.

अशा वेळी आपण वडीलधारी माणसे एक ठरावीक भाषण करतो. हल्लीची पिढी बेफिकीर आहे, हिला मोबाईलपलीकडे जग नाही, आमच्या वेळी असे नव्हते वगैरे. माझ्याही ओठांवर ते आले होते. पण तेवढ्यात कारणे ऐकावीत असे वाटले. मुलांची कारणे नेहमीचीच निघाली. "सगळे सारखेच आहेत." "आज ह्या पक्षात, उद्या त्या पक्षात, मत दिलं काय नि न दिलं काय." मुलींपैकी एक मात्र उठून म्हणाली, "मॅडम, घरचे म्हणतात आत्ता कशाला नाव घालायचं? लग्न झालं की सासरच्या पत्त्यावर घालतीलच." तिच्या मागे बसलेल्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. आणि एकीचे त्याच मे महिन्यात लग्न झालेले. तिचे नाव होते, पण निफाड तालुक्यातल्या माहेरच्या गावी. राहते आता सिडकोत. नाव इकडे आणावे असे तिला वाटत होते. घरात म्हणाले, घाई काय, पुढच्या निवडणुकीला बघू.

मी तो दिवसभर अस्वस्थ होते. अठरा ते तेवीस-चोवीस ही नव्या मतदाराची खरी वर्षे. आणि आपल्याकडच्या मुलीची नेमकी तीच वर्षे ती कुणाची, हे ठरण्यात जातात. बापाची लेक म्हणून तिचे नाव घालायला उशीर झालेला असतो आणि नवऱ्याची बायको म्हणून घालायला अजून अवकाश असतो. दोन षष्ठींच्या मधल्या त्या जागेत तिचे मत पडून राहते. तिथे तिला कुणी मताला मनाई केलेली नसते. फक्त "बघू" म्हटलेले असते.

मतदाराचे वय एकविसावरून अठरावर आले ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. त्यानंतर जन्मलेली मुले आता पस्तिशी ओलांडत आहेत. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशभरात अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १.८ कोटीच मतदार यादीत होते. त्या वयाच्या अंदाजे लोकसंख्येशी ताडून पाहिले तर दहांतले चारही भरत नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निवडणूक आयोगाच्या अहवालांत झालेल्या मतदानाचा हिशेब स्त्री आणि पुरुष असा वेगळा मिळतो, वयाप्रमाणे मिळत नाही. तेव्हा "तरुण मतदान करीत नाहीत" हे जे आपण ठासून म्हणतो, त्यातला खात्रीचा भाग एवढाच की तरुणांची नावेच यादीत नसतात. केंद्रापर्यंत जायचे की नाही, हा पुढचा प्रश्न झाला.

आणि ज्या निवडणुकीत तरुणांनी मतदानाची गोडी लावून घ्यायची, ती घराशेजारची निवडणूक तरी त्यांना आम्ही कुठे दिली? नाशिक महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. मग आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभागरचनेचे फेरबदल, एकामागून एक तारखा. तोवर कारभार प्रशासकाकडे. पुढचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे २०१७ च्या त्या दिवशी जो मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याने आपला पहिला नगरसेवक निवडला तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होऊन! मधल्या काळात नळाला पाणी येत होते किंवा येत नव्हते, रस्ते खणले जात होते, घंटागाडी फिरत होती, पण "तुमच्या वॉर्डाचं कोण बघतं?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. पोहणे शिकवायचे असेल तर आधी विहिरीत पाणी हवे.

यात नुकसान सर्वांचेच झाले, पण एक नुकसान निराळे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. नाशिकच्या १२२ जागांतल्या ६१. २०१७ मध्ये शहराच्या महापौर झाल्या त्याही रंजना भानसी. बाई सार्वजनिक काम कसे करते, भांडते कशी, चुकते कशी, निस्तरते कशी, हे पोरासोरांनी पाहायचे तर त्यासाठी याहून जवळची जागा नाही. जवळजवळ चार वर्षे ती जागाच बंद होती. न पाहिलेल्या गोष्टीविषयी माणसाची मते फार पक्की असतात.

तशी ती आमच्या वर्गातही निघाली. बोलणे बायकांवर आल्यावर एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "मॅडम, नगरसेविका म्हणजे सही तिची आणि शिक्का नवऱ्याचा." वर्ग खो खो हसला, मुलीही हसल्या. मुलगा वाईट नाही. त्याच्या गावात त्याने हेच पाहिले असणार: फलकावर सरपंचबाईंचा फोटो तिकिटाएवढा आणि पतिराजांचा पाटाएवढा. ही गोष्ट खोटी नाही, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थही नाही.

परंतु मी त्याला विचारले, "बरं, आपल्या नाशिक शहरात आमदार किती आणि त्यांत बायका किती?" उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते. शहर आणि त्याला लागून असे चार मतदारसंघ. २०१४ मध्ये नाशिक मध्यमधून देवयानी फरांदे आणि नाशिक पश्चिममधून सीमा हिरे निवडून आल्या; २०१९ मध्ये त्या दोघी पुन्हा आल्या आणि देवळालीतून सरोज अहिरे यांची भर पडली. चारांत तीन! त्या नोव्हेंबरात निकाल लागला तेव्हा तिघीही पुन्हा निवडून आल्या होत्या. सगळ्या महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत या वेळी बायका आल्या अवघ्या २१. त्यांतल्या तीन आमच्या एका शहराच्या. सातांत एक! या शहराने त्यावर चार ओळींची तरी शाबासकी स्वतःला द्यायला हवी होती. पण आमच्या मुलांना ते मोजावेसेही वाटले नव्हते, कारण "बायका राजकारणात म्हणजे नवऱ्याचा शिक्का" हे वाक्य तयार असले की मोजणी करावी लागत नाही.

या तिघींत सरोज अहिरे यांच्या नावाकडे मला मुद्दाम बोट दाखवावेसे वाटते. निवडणुकीच्या कागदावर त्यांचे नाव सरोज बाबुलाल अहिरे असे, वडिलांचे नाव लावून. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला त्या आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन गेल्या होत्या. विधानभवनात बाळाला ठेवायला जागा नव्हती. मग बोलबाला झाला आणि हिरकणी कक्ष निघाला. पुढे मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षात धूळ आणि गैरसोय असल्याचे त्यांनीच चारचौघांत सांगितले. मी हे वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाळ घरी ठेवून यायचं ना." त्यावर एरवी कधी न बोलणारी पेठ तालुक्यातली एक मुलगी जागेवरूनच म्हणाली, "घरी ठेवलं असतं तर म्हणाले असते, कसली आई आहे! आणि माझी आई तर बाळ झोळीत घालून रोज कामावर न्यायची. तिचा फोटो नाही आला कुठं." वर्ग गप्प झाला. इतकी वर्षे शिकवते आहे, पण एवढ्या कमी शब्दांत इतके नेमके उत्तर मला सुचल्याचे आठवत नाही.

फलकांवरची नाती हा आणखी एक गमतीचा विषय. कुणी म्हणेल, पुरुषांनाही आपण दादा, भाऊ, अण्णा, नाना म्हणतोच की! खरे आहे; नाशिकमध्ये तर चौकाचौकांत नाना आणि अण्णा टांगलेले असतात. पण दादाला दादा व्हायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही. तो स्वयंभू असतो. वहिनी व्हायचे तर आधी कुणीतरी भाऊ असावा लागतो. २०२४ च्या जुलैपासून राज्यात बायकांना दरमहा दीड हजार रुपये देणारी योजना आली, तिचे नावही लाडकी बहीण. पैसे घरात उपयोगीच पडले, त्याची थट्टा मी करणार नाही. पण मतदार बाईशी बोलायला सरकारलाही नातेच लागते, हे मनात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

तीच गत घराणेशाहीची. डॉ. भारती पवार २०१९ मध्ये दिंडोरीतून लोकसभेवर गेल्या, जुलै २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. त्यांच्याविषयी बोलताना "ए. टी. पवारांची सून" हे आधी आणि डॉक्टरकी नंतर, असा क्रम मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. आता, घराण्याच्या बळावर राजकारणात येणारे पुरुष का थोडे आहेत? पुतण्या हा तर महाराष्ट्रात एक स्वतंत्र हुद्दाच झाला आहे! पण पुतण्या आला की आपण म्हणतो, "वारसा चालवतोय." सून आली की म्हणतो, "पुढे केलीय."

आणि षष्ठीवाचून उभ्या राहिलेल्या बायका इथे झाल्याच नाहीत असे कुणी समजू नये. शांताबाई दाणी याच शहरात १९१९ च्या सुमारास जन्मल्या. शाळेत गेल्या तेव्हा दलित मुलीने शिकणे हीच बातमी होती. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने चळवळीत उतरल्या, अविवाहित राहिल्या, मुलींसाठी वसतिगृह चालवले आणि १९६८ ते १९७४ विधान परिषदेच्या सदस्य होत्या. त्यांना जन्मभर लोकांनी शांताबाईच म्हटले. कुणाच्या बाई, असे विचारायची कुणाची छाती झाली नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले. डोक्यावर पदर आणि फडक्यात भाकरी बांधून बायका लाखांच्या संख्येने आल्या. त्यानंतर ग्रामपंचायतीत सगळीच्या सगळी पॅनेले बायकांची उभी करण्याचे वारे निघाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला ती निवडूनही आली. राखीव जागांची घटनादुरुस्ती व्हायला तेव्हा अजून काही वर्षे होती. त्याच चळवळीने पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: घरधन्याने राजीखुशीने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा. म्हणजे सातबाऱ्यावर तिचे नाव! अडाणी म्हणून ज्यांना आपण बाजूला बसवले त्या बायकांना, हक्क नावाला चिकटलेला असतो, हे नेमके कळले होते.

देशाचा हिशेब पाहिला तर २०२४ च्या लोकसभेला पुरुषांनी ६५.५५ टक्के मतदान केले आणि बायकांनी ६५.७८. काठावर का होईना, त्या पुढे आहेत. निवडून आल्या मात्र ५४३ मध्ये ७४. आमच्या नाशिकने तर १९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेवर एकदाही बाई पाठवलेली नाही. एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधलेला. त्याची वाट जरूर पाहावी. पण यादीत नाव घालायला कुणाचीही वाट पाहावी लागत नाही. वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज देता येतो. नवे नाव घालायला सहा नंबरचा नमुना, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला आठ नंबरचा. वसतिगृहातल्या मुलांना तिथल्या पत्त्यावरही नाव घालता येते. यात लग्नाचा मुहूर्त कुठेच येत नाही. घरात अठरा वर्षांची मुलगी असेल तर येत्या पाडव्याला तिला ओवाळणीत हवे ते द्या, पण आधी तिचे नाव घाला. उद्या ती सासरी गेली तर नाव तिच्यामागून जाईल. नसलेले नाव कुठे जाणार?

सरकारनेही एक बरी गोष्ट केली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर त्याच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, असा क्रम ठरला. ही मुले मतदार होतील ती २०४२ मध्ये. त्यांच्या वर्गात तेव्हा मी नसेन.

सिडकोतल्या त्या मुलीने मात्र तितके थांबायचे नाकारले. सप्टेंबरातच एका दुपारी ती आठ नंबरचा नमुना घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत आली. नवा पत्ता लिहून झाला होता. नातेवाइकाच्या रकान्याशी पेन अडले होते. तिथे वडील, आई, पती, पत्नी असे पर्याय असतात; कोणताही एक निवडायचा. "मॅडम, पतीचंच लिहायला लागतं का?" तिने विचारले. मी म्हटले, "नाही. तुला हवं ते लिही." तिने क्षणभर विचार केला आणि आईचे नाव लिहिले. मग वर, मोठ्या चौकोनांत, एकेक अक्षर सुटे पाडून आपले स्वतःचे नाव पुन्हा एकदा नीट तपासले. "वेलांटी बरोबर आहे ना?" म्हणाली.

वेलांटी बरोबर होती.